सुतकातला अल्बम

त्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहून उपयोगही नाही, कारण आमच्या घरात ते कुणी कधी नीट उच्चारलंच नाही. माझे वडील, म्हणजे नाना, 'तुमचे ते चौघं' म्हणतात. आई होती तोवर 'तुमचा आरडाओरडा' म्हणायची. बायको लग्नाला अठरा वर्षं झाली तरी 'तुझं ते' याच्या पुढे गेलेली नाही. ते चौघं लांब कुठल्या तरी थंड बंदरातले आणि आम्ही पंचवटीत वाढलेले. त्यांचा आमचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. ताईमुळे ते आमच्याकडे आले, एवढंच सांगता येतं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. कॉलेजात असताना तिने मैत्रिणीच्या भावाकडून एक कॅसेट भरून आणली. आतल्या कागदावर बॉलपेनने गाण्यांची नावं लिहिलेली होती, त्यातली दोन चुकीची होती हे आम्हाला सहा वर्षांनी कळलं. मी तेव्हा आठवीत होतो आणि ताई जे करील ते करायचं, एवढीच माझी अक्कल होती. तिने मला समोर बसवून कॅसेट लावली. इंग्रजी कळत नव्हतं. पण गाणारा माणूस कुणाला तरी काहीतरी जीव तोडून सांगतोय आणि समोरचा ऐकत नाहीये, एवढं कळत होतं. त्या वयात तेवढं पुरतं.

पुढे त्यांचा नवा अल्बम यायचा झाला तेव्हा ताईने तीन नियम केले. पहिल्यांदा ऐकताना बोलायचं नाही. मध्ये उठायचं नाही. आणि एकट्याने ऐकायचं नाही. पहिले दोन मला पटले, तिसऱ्याचं कारण मी विचारलं. ती म्हणाली, पहिल्यांदा ऐकणं एकदाच होतं, ते बघायला कुणीतरी शेजारी असलं पाहिजे. नाहीतर झालं काय आणि न झालं काय. ताईची अशी वाक्यं मी तेव्हा वहीत लिहून ठेवायचो. आता वही नाही, वाक्यं आहेत.

नियमाला आणखी एक शेपूट होतं. दोघांनी ऐकल्याशिवाय अल्बमबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

त्याप्रमाणे आम्ही तीन अल्बम ऐकले. पहिला कळवणकडच्या आमच्या गावी, काकांच्या जीपमध्ये. दुसरा ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, सीडीवर. तेव्हा भावजी नवे होते, त्यांना पाऊण तास गप्प बसवलं होतं आणि ते बिचारे बसले होते. तिसरा सिन्नरच्या दवाखान्यात, ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. नर्सने येऊन सलाईन बदललं तरी ताईने डोळे उघडले नाहीत. नर्सला वाटलं झोपलीय.

त्याला बारा वर्षं झाली. मध्यंतरी ड्रम वाजवणारा बँड सोडून गेला. गाणाऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आम्ही आशा सोडली होती असं मी म्हणेन, ताई म्हणणार नाही. आणि मग एक दिवस बातमी आली की ड्रमवाला परत आलाय, ते चौघं पुन्हा एकत्र बसलेत आणि अल्बम येतोय. त्याच बातमीत खाली लिहिलं होतं की हा शेवटचा, यापुढे नाही. मी ती बातमी ताईला पाठवली. तिने लगेच फोन केला आणि विचारलं, "खालचं वाचलंस का?" मी वाचलं होतं.

अल्बमच्या आधी त्यातलं एक गाणं सुटं सोडतात, लोकांना चव लागावी म्हणून. तेही आम्ही ऐकलं नाही. महिनाभर ते फोनमध्ये समोर दिसत होतं. कंपनीतली पोरं ऐकत होती, मी कानावर हात ठेवून पुढे जात होतो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, क्वालिटी विभागात हाताखाली सहा जण, आणि गाणं कानावर पडू नये म्हणून जिन्याने जातो. बायको हसायची, पण तिला मी त्यातलं काही समजावून सांगायला गेलो नाही.

बेत ठरला होता. अल्बम शुक्रवारी येणार होता. मी कंपनीत रजा टाकली, ताईने शाळेत. ती सिन्नरहून सकाळच्या एसटीने येणार होती. नानांचे जुने लाकडी स्पीकर मी माळ्यावरून काढले, त्यांची जाळी झाडली, एकाची वायर नवी टाकली. दहा वाजता सतरंजी टाकून दोघांनी बसायचं. ताईने डब्यात काय आणायचं इथवर ठरलं होतं.

बुधवारी संध्याकाळी कळवणहून फोन आला, काका गेले.

काका म्हणजे नानांचे सख्खे चुलत भाऊ. वय चौऱ्याऐंशी, चार महिने अंथरुणावर. धक्का बसावा असं काही नव्हतं. नानांनी फोन ठेवला, पाणी प्यायले, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि पेनाने पुढच्या शुक्रवारवर गोल केला. दहावा दिवस. भाऊबंदकीतलं सुतक, म्हणजे पुरे दहा दिवस. देवांची पूजा बंद, देवळात जाणं बंद, गोडधोड बंद, फोडणीही बंद, म्हणून बायकोने हिंगाची डबी मागे सारली. आणि गाणं-बजावणं बंद. नानांनी टीव्हीवर टॉवेल टाकला. मग स्पीकरकडे बघून म्हणाले की हे काढलेले दिसतात, आता परत वर टाक.

मी टाकले नाहीत, कोपऱ्यात सरकवले. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात काकांचा विचार नव्हता. दहा दिवस, एवढंच होतं. बारा वर्षं थांबलेल्या माणसाला दहा दिवस जड होऊ नयेत, पण झाले. माणूस किती हलका असतो ते अशा वेळी त्याचं त्याला कळतं.

गुरुवारी आम्ही गाडी करून गावी गेलो. ताई आणि भावजी आमच्या आधी पोचले होते. ताई ओट्यावर बसून रडत होती. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा ती कामात होती. पण काकांची ती लाडकी होती. सुट्टीत आम्ही गावी जायचो तेव्हा काका स्वतःची जीप कळवणपर्यंत वडाप म्हणून चालवायचे. पुढच्या सीटवर ताई, आणि तिच्या शेजारी चेपून मी. जीपमध्ये टेप होता. त्यात ताईने नव्या अल्बमची कॅसेट घातली आणि मागे बसलेले दहा-बारा जण, कांद्याची गोणी आणि दोन कोंबड्या यांच्यासकट आम्ही तो अल्बम पहिल्यांदा ऐकला. काका दोन गाणी गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "हाऊ कोन शे? काय व्हयनं त्याले?" हा कोण, काय झालंय याला. ताईने गंभीरपणे सांगितलं की काही झालं नाही, तो असाच गातो. मागून कुणीतरी म्हणालं की दुसरं काही लावा. काकांनी सांगितलं की त्याचं होऊ द्या, मग लावू. एक बाजू संपली तेव्हा कळवण आलं. दुसरी बाजू परत येताना. त्यानंतर ताई गावी गेली की काका विचारायचे, तुझा चिडका गडी आणला का.

स्मशानातून सगळे परत आले, आंघोळी झाल्या. दारात बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी कुणाला किती दिवस ते सांगायला सुरुवात केली. प्रत्येक घरात अशी एक आजी असते आणि तिचा हिशेब पुरोहितापेक्षा पक्का असतो. मला दहा. माझ्या बायकोला दहा. बायकोने काकांना आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, त्यातलं एकदा लग्नात. तिच्या भाचीचं डोहाळजेवण रविवारी होतं, ते गेलं. मग आजी ताईकडे वळल्या. "तुला काय नाय माय. तू दुसऱ्या घरची. आंघोळ कर, झालं."

ताई हो म्हणाली. मी तिथेच उभा होतो. तिच्या तोंडाकडे मी बघायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. ताईला सुतक नाही, म्हणजे ती उद्या अल्बम ऐकू शकते. आणि मी नाही.

शुक्रवार मी घरी काढला. रजा मंजूर झालेलीच होती, ती परत कुणाला द्यायची. घर गप्प होतं. बाहेर पंचवटी चालूच होती, भाजी बाजारातला भोंगा, रिक्षा, समोरच्या गल्लीत कुणाच्या तरी वास्तुशांतीची सनई. ते नानांना चालत होतं, ते बाहेरच्यांचं. आपल्या घरातून आवाज नको. माझा फोन खिडकीत पालथा ठेवलेला होता आणि त्यात अल्बम येऊन पडला होता. दहा गाणी, सत्तेचाळीस मिनिटं. दहा वाजता, आमच्या ठरलेल्या वेळेला, ताईचा मेसेज आला, आज आला. मी लिहिलं, तुला सुतक नाही, तू ऐकून घे, फक्त मला काही सांगू नकोस. तिने अंगठा पाठवला.

बस. त्या अंगठ्यावर मी सगळा निवाडा केला. ताई ऐकणारच, का नाही ऐकणार? तिला बंधन नाही, रजा आहे, शेवटचा अल्बम आहे, आणि मी स्वतःच ऐक म्हणालोय. शनिवारी तिचा फोन आला तेव्हा ती काकांच्या मुलांबद्दल बोलली, दशक्रियेला किती माणसं येतील ते बोलली, अल्बमचं नाव काढलं नाही. रविवारीही नाही. म्हणजे ऐकलाच, मी ठरवलं. ऐकलाय आणि नियम पाळतेय. मी तिच्या जागी असतो तर शुक्रवारी सकाळी सव्वादहालाच लावला असता, म्हणून तिने लावला. माणूस दुसऱ्याला आपल्याच मापाने मोजतो, त्याला दुसरं माप ठाऊक नसतं.

मला राग आला होता, हेही सांगून टाकतो. ताईचा नव्हे, त्या सगळ्या व्यवस्थेचा. जी काकांसाठी ऊर फुटेस्तोवर रडली तिला काही नाही आणि जो गाडीत बसून तारखा मोजत होता त्याला दहा दिवस. पण रागाआडून मी स्वतःसाठी वाट काढत होतो, ते तेव्हा कळलं नाही.

मंगळवारी, सातव्या दिवशी, कंपनीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक नवा इंजिनीअर फोनवर व्हिडिओ सरकवत होता. एका व्हिडिओमागे ते सुटं सोडलेलं गाणं लागलं. फार तर आठ सेकंद. मी दुसऱ्या सेकंदाला आवाज ओळखला. म्हातारा झाला होता. घशात काहीतरी खरवडत होतं. पण तोच होता. मी त्या पोराला आवाज कमी कर म्हणून जोरात बोललो आणि बसमधले चार जण माझ्याकडे बघायला लागले.

आमची कंपनी सिन्नरच्या एमआयडीसीत, तिथे पोचेपर्यंत माझी वकिली पूर्ण झाली होती. आठ सेकंद कानावर पडलंच आहे, म्हणजे कोरेपण गेलं. ताईने ऐकलाच आहे, म्हणजे बरोबर ऐकण्याचा प्रश्न मिटला. राहिलं सुतक. पण सुतक घराचं. कंपनीत कोण सुतक पाळतं? सोमवारी कँटीनमध्ये कुणाच्या तरी बढतीची जिलेबी वाटली तेव्हा मी खाल्ली होती. खाताना लक्षात आलं नव्हतं, पण आता तोच पुरावा झाला.

जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरमध्ये गेलो. मागच्या रॅकच्या आड नाकारलेल्या मालाच्या क्रेट असतात, तिथे कुणी येत नाही. एका क्रेटवर बसलो आणि इअरफोन लावले. चार गाणी आणि पाचवं अर्धं झालं, तोच भोंगा वाजला. उरलेला संध्याकाळी बसमध्ये. शेवटच्या अल्बमचं पहिलं ऐकणं मी असं दोन तुकड्यांत उरकलं, मध्ये साडेतीन तासांची इन्स्पेक्शन घालून. आवडला का? मला कळलं नाही. गाडी नाशकात शिरली, शेवटचं गाणं संपलं, आणि मी शेजारी बघितलं. शेजारी पेंट शॉपचा फोरमन तोंड उघडं टाकून झोपला होता.

एकदा व्रत मोडलं की माणूस उपाशी राहत नाही. बुधवारी जाताना-येताना ऐकला, गुरुवारी जाताना-येताना ऐकला. एकूण पाच वेळा. घरात पाऊल टाकायच्या आधी इअरफोन डब्याच्या पिशवीत, आणि घरात मी सुतकातला माणूस.

दहाव्याला सगळे रामकुंडावर आले. आमचं घर जवळ, म्हणून भाऊबंदकीचा डेरा आमच्याकडेच. सकाळी सहापासून चहा. विधी झाले, कावळा लगेच शिवला, काकांचं मागे काही राहिलेलं नसावं. माणसं जेवून गाड्यांमध्ये बसली आणि दुपारपर्यंत घर रिकामं झालं. ताई थांबली. उद्या जाईन म्हणाली.

शनिवारी मला सुट्टी. घर धुऊन काढलं, गोमूत्र शिंपडलं, नानांनी देवांना आंघोळ घातली आणि अकराव्या दिवशी घरात घंटी वाजली. टीव्हीवरचा टॉवेल धुवायला गेला. दुपारी बायको भाचीला भेटायला गेली, हुकलेल्या डोहाळजेवणाची साडी घेऊन. नाना गॅलरीत पेपर घेऊन बसले. ताईने कोपऱ्यातले स्पीकर स्वतः पुढे ओढले, सतरंजी टाकली आणि म्हणाली, "चल, लाव आता."

मी विचारलं, "कितवं लावू?"

 ती म्हणाली, "कितवं काय? पहिल्यापासून. मी एकही ऐकलेलं नाही."

तेव्हा मला सांगता आलं असतं. फोन हातात होता, तोंडही रिकामं होतं. पण मी सांगितलं नाही. मी म्हणालो, हो हो, पहिल्यापासून, आणि लावलं. मला वाटलं की एवढं तर जमेल. चेहरा सरळ ठेवायचा, सत्तेचाळीस मिनिटं. माणसं यापेक्षा मोठ्या गोष्टी आयुष्यभर लपवतात.

ताई नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली, डोळे मिटून. पहिलं गाणं सुरू झालं, त्या खरवडलेल्या आवाजाची पहिली ओळ आली आणि तिने ओठ दाबून धरले. मला ते दिसलं. स्टोअरमध्ये क्रेटवर बसून मला तसं काही झालं नव्हतं. स्पीकरवर तोच अल्बम निराळा होता, लाकडातून आल्यावर तो आवाज खोलीत माणूस असल्यासारखा होता. दुसरं गाणं, तिसरं. मी नवखेपणाचं सोंग करत होतो आणि मनात पुढची ओळ आधीच येत होती.

चौथ्या गाण्यात मध्येच सगळं थांबतं. एकदम, कापल्यासारखं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं गाणं संपलं किंवा वीज गेली. चार मोजेपर्यंत काही नाही, आणि मग परत आलेला तो ड्रमवाला सगळा जीव लावून एक ठोका मारतो. ते थांबलं तेव्हा ताईने डोळे उघडले आणि काय झालं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होतो. माझा हात गुडघ्यावर होता. ठोका पडायच्या क्षणी माझं बोट गुडघ्यावर पडलं, ठोक्याच्या बरोबर, ना आधी ना नंतर.

मी वर पाहिलं तेव्हा ती माझ्या बोटाकडे बघत होती. तिने हात लांब करून फोन घेतला आणि गाणं थांबवलं.

"कधी ऐकलास?"

मंगळवारी, मी म्हणालो. मग सगळं सांगितलं, बसमधलं पोर, क्रेट, भोंगा, पाच वेळा. मला वाटलं तू शुक्रवारीच ऐकलास, असंही सांगितलं. तुला लागत नव्हतं ना, असं म्हणालो. ते म्हणताना माझा आवाज त्या आजींसारखा आला.

ताई चिडली असती तर बरं झालं असतं. ती लहानपणी चिडली की माझा कान धरायची. ती शांतपणे बोलली, आणि पोरांना गणित समजावताना ती जशी हळू बोलते तशी हळू.

"मला लागत नव्हतं, म्हणून तर मी धरलं. आमच्या घरी कुणाला सांगितलं नाही. गोड खाल्लं नाही, देवाजवळ दिवा यांना लावायला सांगितला. मला बघायचं होतं, मी इथे असते तर हे दहा दिवस कसे गेले असते." मग ती म्हणाली, "अल्बमचं तर काहीच वाटलं नाही. तू तिकडे थांबलायस, मी इकडे थांबलेय, असं वाटत होतं. रोज शाळेत जाताना तेच मनात यायचं. बरं वाटत होतं मला."

 मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाज सुतकाची नव्हती. तिला वाटत होतं तिथे मी थांबलेलोच नव्हतो आणि ती दहा दिवस माझ्या सोबतीने थांबली होती.

"आता बाहेर बस," ती म्हणाली. "मी परत पहिल्यापासून लावते."

मी उठलो. तिने दार लोटून घेतलं.

गॅलरीत नानांनी पेपरमधून मान वर केली. आतून पहिलं गाणं पुन्हा सुरू झालं होतं, दारातून त्यातलं फक्त धपधप येत होतं. त्यांनी विचारलं की मी बाहेर का, आम्ही तर जोडीने ऐकतो ना. नानांना हे ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, माझं आधीच ऐकून झालंय. कधी, त्यांनी विचारलं. मंगळवारी, कंपनीत. नानांनी बोटांवर मोजलं, सातवा दिवस. मी मान खाली घालून उभा राहिलो. आता सुतकावर ऐकून घ्यावं लागणार होतं आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती, उलट बरंच वाटलं असतं.

नाना म्हणाले, "तिला विचारलं होतंस?"

"नाही."

"मग चुकलंच की," ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर धरला. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

मी सत्तेचाळीस मिनिटं तिथे बसलो. चौथ्या गाण्यातलं ते थांबणं दाराआडून कळलं. त्या शांततेत आत ताईने काय केलं, डोळे उघडले का, कुणाकडे पाहिलं, ते मला कळायला काही मार्ग नव्हता. नंतरची सहा गाणीही मी दाराआडून ओळखत गेलो. शेवटचं संपल्यावर ती लगेच बाहेर आली नाही.

बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं. सगळ्यांसाठी चहा केला. नानांशी गावाकडच्या तेराव्याबद्दल बोलली, कोण कोण जाणार, गाडी कुणाची. माझ्याशीही बोलली, साधं, रोजचं. कसा वाटला, ते मी विचारलं नाही. नियम तिचाच होता, दोघांनी मिळून ऐकल्याशिवाय बोलायचं नाही, आणि दोघांनी मिळून आम्ही साडेतीन गाणी ऐकली होती, तीही खोटी.

संध्याकाळी मी तिला स्कूटरवरून स्टँडवर सोडायला गेलो. सिन्नरची गाडी लागलेलीच होती. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा राहून पिशवी वर दिली. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि पोचलीस की फोन कर, हे फारच थोडं होतं.

"ताई," मी म्हणालो, "पुढच्या वेळी नक्की थांबेन."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. तिलाही कळलं.  तिने मला दुरुस्त केलं नाही. फक्त "बरं," म्हणाली, आणि कंडक्टर आला म्हणून तिकडे वळून तिने सिन्नरचं अर्धं तिकीट मागितलं.